ग्रुप हलवायचा का नाही, यावर बोलताना एकमेकांना कसं सांभाळायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेले तीन आठवडे आपल्या पाण्याच्या ग्रुपवर एकच विषय चाललाय, व्हॉट्सॲपवरच राहायचं का टेलिग्रामला जायचं का स्वतःची वेबसाइट काढायची. मी ग्रुपच्या ॲडमिनपैकी एक, त्यामुळं मला रोज दहाबारा जणांचे पर्सनलवर मेसेज येतात आणि प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. कुठलं ॲप चांगलं याचा निकाल इथं नाही, तो सगळ्यांनी मिळून लावायचाय. तो लावताना बोलायचं कसं एवढंच इथं आहे. मी सांगलीची, सूर्यवंशी प्लॉटच्या बाजूला राहते, २०१९ ला आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं, त्यामुळं हा ग्रुप टिकणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

मी नवीन आहे. हा ग्रुप कसला आणि वाद कशावरून पेटला?

महाबळेश्वर, कोयनानगर, पाटण, कराड, भिलवडी, सांगली, हरिपूर अशी नदीकाठाची माणसं आपापल्या दारातला पाऊस आणि पाणी सांगतात, एवढाच ग्रुप. कोयना धरण १०५.२५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी), तिथून सोडलेलं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि खाली आपल्याकडं येतं, वरून वारणा हरिपूरला येऊन मिळते, म्हणजे वरच्या माणसाला दिसलेलं खालच्या माणसाला वेळेत कळलं तर त्याची गॅसची टाकी, पोरांची पुस्तकं, म्हातारी माणसं वर जातात. २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, त्यानंतर हा ग्रुप सुरू झाला.

आता माणसं वाढली. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात १०२४ जण मावतात, ते भरले म्हणून दुसरा काढला, मग तिसरा. तीन ग्रुप झाल्यावर इकडचं रीडिंग तिकडं कुणीतरी हातानं फॉरवर्ड करायचं असं सुरू झालं. मागच्या पावसाळ्यात रात्री कुणीतरी टाकलेला "४३ झालं", म्हणजे आयर्विनला ४३ फूट, हा मेसेज सकाळी साडेसातला तिसऱ्या ग्रुपात पोचला, त्यात ना वेळ ना तारीख, आणि दत्तनगरमधल्या एका घरानं सगळा संसार ट्रॅक्टरमध्ये भरला तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. त्यावरूनच तीन आठवड्यांपूर्वी "हे असं चालणार नाही, दुसरीकडं जाऊ" असं एकानं लिहिलं, दुसऱ्यानं "मग तुम्हीच चालवा" लिहिलं, आणि सुरू झालं ते अजून चालूच आहे.

ॲपच तर बदलायचंय, लोक एवढे का चिडतायत?

कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या पायाखालून एकदोनदा जमीन गेलेली आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, किती जणांच्या कॉलेजच्या गप्पा आणि कम्युनिटी गेल्या. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० ला बंद. २९ जून २०२० ला ५९ ॲपवर बंदी आली त्यात टिकटॉक होतं, आपल्या सातारा सांगलीकडच्या कितीतरी पोरापोरींनी शेतात, गोठ्यात व्हिडिओ करून जमवलेली माणसं एका रात्रीत गेली. मग जानेवारी २०२१ ला व्हॉट्सॲपच्या नव्या पॉलिसीवरून गडबड उडाली, आमच्याकडं निम्मे नातेवाईक सिग्नलवर गेले, दोन महिन्यांत सगळे परत आले आणि जे गेलेच नव्हते ते "सांगितलं होतं ना" म्हणाले.

एवढं सगळं डोळ्यांसमोरून गेलेला माणूस "परत नवीन?" म्हणतो तेव्हा त्याला हट्टी म्हणू नका. आमच्या गल्लीतल्या एक मावशी बासष्टाव्या वर्षी नातीकडून व्हॉट्सॲप शिकल्या, माईक कुठं दाबायचा हे तिनं नेलपेंटचा ठिपका लावून दाखवलं होतं, मोबाइलवर तो ठिपका अजून आहे. त्यांना ॲप बदला म्हणणं म्हणजे तो ठिपकाच पुसणं.

आणि जो हलूया म्हणतोय तो पण काही घर फोडायला निघालेला नाही. पहिल्यांदा टेलिग्रामचं नाव काढणारा पोरगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तीन ग्रुपांत मेसेज इकडून तिकडं टाकत बसायचा, हे मला फार उशिरा कळलं. त्यानं स्वतः कधी सांगितलं नाही. आपण त्याला "फॅशन म्हणून नवीन काहीतरी" असं ऐकवून मोकळे झालो होतो.

दोन्ही बाजूंचं म्हणणं थोडक्यात सांगाल का?

टेलिग्रामच्या ग्रुपात दोन लाख लोक मावतात, नवीन आलेल्याला जुने मेसेज बघता येतात, आणि आपला नंबर लपवता येतो. पण तिथले ग्रुप एंड टू एंड एन्क्रिप्टेड (म्हणजे पाठवणारा आणि वाचणारे सोडून कंपनीला पण मेसेज वाचता येत नाही असे) नसतात, व्हॉट्सॲपचे २०१६ पासून असतात. व्हॉट्सॲप सगळ्यांच्या हातात आधीच आहे, शिकवावं लागत नाही, आणि कम्युनिटी काढली तर तीन ग्रुप एका छत्राखाली येऊन एकच घोषणा सगळीकडं जाते. वेबसाइट आपली स्वतःची राहील, पण तिचे दरवर्षी पैसे भरायला आणि बिघडली तर रात्री उठायला माणूस लागतो, तो कोण हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

बघा, यात कुणीच येडं नाहीये. प्रत्येकाच्या हातात एकेक खरा तुकडा आहे.

मला एखादा मुद्दा अजिबात पटत नाहीये, लिहू कसं?

पटत नाही हे लिहाच. गोड बोलायचं म्हणून गप्प बसू नका, गप्प बसलेली माणसं नंतर बायकोजवळ नाहीतर चहाच्या टपरीवर बोलतात आणि ते तिथून वाकडं होऊन ग्रुपवर येतं.

एकानं लिहिलं, "टेलिग्राम म्हणजे फुकट पिक्चर डाउनलोड करणाऱ्यांचा अड्डा आहे." यावर पुढं बोलायला काही उरतच नाही, कारण टेलिग्राम वापरणारे जे दोनशे जण ग्रुपात आहेत ते सगळे एका वाक्यात चोर झाले. त्याच दिवशी भिलवडीकडच्या एकानं लिहिलं, "माझ्या भागातनं आठ जण रीडिंग पाठवतात, पाच साठीच्या पुढचे आहेत, त्यांना नवीन ॲप कोण शिकवणार हे ठरल्याशिवाय मला हलणं पटत नाही." विरोध दुसऱ्याचा जास्त पक्का आहे. पण त्याच्याखाली तिघांनी लगेच लिहिलं, मी येतो शिकवायला, रविवारी येऊ का. पहिल्याच्या खाली काय काय आलं ते इथं लिहीत नाही.

अजून एक. मराठीत "आपण" आणि "आम्ही" वेगळे आहेत हे आपलं नशीब आहे, ते वापरा. "आम्ही जाणार" म्हटलं की समोरचा तिथल्या तिथं बाहेर पडला, "आपण जाऊया का" म्हटलं की तो आत राहिला, मग तो नको म्हणाला तरी आतूनच म्हणतो. आणि "तुम्ही लोक" हे दोन शब्द तर टाळाच, मी वर स्क्रोल करून बघितलं, ज्या ज्या दिवशी भांडण विकोपाला गेलं त्या दिवशी सुरुवातीला कुठंतरी "तुम्ही लोक" आहे.

मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, तरी एकाला लागलं. यात माझी काय चूक?

नाव घेतलं नाही हीच गोष्ट लागते हो.

"काही जणांना पुढारी व्हायची हौस असते." "ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल." "सुज्ञांस सांगणे न लगे." आपल्याकडं टोमणा मारणं ही जुनी कला आहे, वाड्यात, विहिरीवर, सासरी सगळीकडं चालायची, तिथं दहा माणसं असायची आणि कुणाला मारलाय ते दहा जणांना बरोबर कळायचं. इथं हजार माणसं आहेत. त्यातल्या पन्नासांना वाटतं की आपल्यालाच म्हणाले. ज्याच्यासाठी होता त्याला बहुतेक कळतही नाही, आणि ज्या बिचारीनं काल पहिल्यांदा मेसेज टाकला तिला वाटतं माझ्यावरच होता. एका ताईंनी मला असंच विचारलं, "ते माझ्यासाठी होतं का?" नव्हतं. पण त्या रात्रभर जाग्या होत्या.

नाव घ्या. "अमुक दादा, तुमचा कालचा मेसेज वाचला, त्यातला दुसरा मुद्दा मला चुकीचा वाटतो कारण..." असं सरळ लिहिलं की एकालाच लागतं आणि तो उत्तर देऊ शकतो.

आणि "असो." हा शब्द. एवढा छोटा शब्द पण दार आपटल्यासारखा लागतो. दोन पानं लिहून शेवटी "असो." लिहिलं म्हणजे मला तुझ्याशी बोलण्यात अर्थ वाटत नाही असं होतं. तुम्हाला थांबायचं असेल तर "आज एवढंच, उद्या बोलू" लिहा ना, तेवढीच अक्षरं जास्त जातात.

शुद्धलेखन सुधारलं तर राग का येतो? चांगल्यासाठीच सांगतो की.

यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण या तीन आठवड्यांत मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटलं.

ओढ्याकडच्या वस्तीवरचे एक काका आहेत, नाव लिहीत नाही. गेली चार वर्षं पावसाळ्यात रोज पहाटे पाचला आणि रात्री नऊला त्यांचं रीडिंग यायचं. फूट बिट नाही, त्यांच्याकडं पट्टी नाही, त्यांनी विजेच्या खांबावर विटकरीनं रेघा मारल्यात, तिसऱ्या रेघेला पाणी आलं की आमच्याकडं दोन तासांनी गटारं उलटी वाहायला लागतात, हे आम्ही अनुभवानं शिकलो. सरकारी आकडा नदीचा येतो, ओढ्याचा येत नाही, तो आकडा फक्त त्यांच्याकडंच होता.

तर वाद चालू असताना त्यांनी मध्येच लिहिलं, "पानी तिसऱ्या रेगला आलय. आन जाऊ नका कुट, हितच रावा." पहिली ओळ रीडिंग, दुसरी त्यांचं मत. त्याच्याखाली एकानं लिहिलं, "पानी नाही पाणी. आधी नीट लिहायला शिका मग मत मांडा." आणि त्याला चौदा जणांनी हसण्याचं चिन्ह टाकलं. चौदा. मी मोजलेत. तिसऱ्या रेघेचं काय झालं हे एकानंही विचारलं नाही.

त्यानंतर ग्रुपवर काकांचं रीडिंग आलेलं नाही.

पानी म्हणणारी माणसं चुकीचं मराठी बोलत नाहीत, ती त्यांच्या घरातलं मराठी बोलतात, तिकडं चार पिढ्या पानीच आहे. आणि ते मोबाइलवर जाड बोटानं, पहाटे पाचला, भिजत टाइप केलेलं होतं. कुणी रोमन अक्षरांत मराठी लिहितं, कुणी बोलून टाइप करतं आणि मोबाइल त्याचं भलतंच काहीतरी करतो, कुणी कर्नाटकाच्या बाजूचं आहे म्हणून लिंग चुकतं. मेसेज कळला ना? मग झालं. आकडा चुकला असेल तर जरूर विचारा, "४१ का ३१, एकदा परत बघता का", ते सुधारलंच पाहिजे, त्यावर माणसं जगतात. ण वर कुणी जगत नाही.

ज्यानं ते लिहिलं तो वाईट माणूस नाही, हे पण सांगते. मी त्याला फोन केला, तो म्हणाला ताई मी रीडिंग वाचलंच नाही, मला फक्त "जाऊ नका" दिसलं आणि डोकं फिरलं. वादात असंच होतं, समोरच्याचं मत दिसतं, त्याच्या हातातला दिवा दिसत नाही.

वयानं मोठ्यांशी मतभेद असेल तर?

काका, अण्णा, आबा, ताई, वहिनी जे म्हणता ते म्हणत राहा, वाद झाला म्हणून अचानक "मिस्टर अमुक" नाहीतर नुसतं आडनाव नको. आपल्याकडं अहो चं अरे झालं की त्यातच अर्धं भांडण होतं, आणि उलटं पण खरंय, रोज "भावा" म्हणणाऱ्यानं एकदम "आपण सूज्ञ आहात" लिहिलं की तो पण अपमानच.

मोठ्यांसाठी पण एक विनंती आहे. "तुमच्या वयाएवढे पावसाळे पाहिलेत" हे आपल्या या ग्रुपवर खरं असतं, २००५ चा पूर पाहिलेली माणसं आहेत, त्यांचं ऐकायलाच पाहिजे, पण पाण्याबद्दल. कुठल्या ॲपला किती नेट लागतं हे एकवीस वर्षांच्या पोरीला जास्त माहीत असू शकतं, तिला "तू गप्प बस" म्हणू नका.

चार-पाच मिनिटांच्या व्हॉइस नोट टाकल्या तर चालतील?

ज्यांना टाइप होत नाही त्यांनी टाकाच. बाकीच्यांनी वादात व्हॉइस नोट टाकताना विचार करा, कारण आवाजात राग लवकर चढतो आणि लिहिताना जसं वर जाऊन वाचून एखादा शब्द काढता येतो तसं बोलताना होत नाही. आणि टाकलीत तर खाली एका ओळीत लिहा काय म्हणालात, ऐकायला कमी येणारे पण आहेत ग्रुपवर.

मी एवढा मोठा मेसेज लिहिला आणि लोकांनी नुसता अंगठा टाकला. हा अपमान नाही का?

नाही. कुणाला अंगठा म्हणजे "वाचलं", कुणाला "पटलं", कुणाला "बास आता". तिघांचं चिन्ह एकच. तुम्हाला जाणून घ्यायचं असेल तर विचारा, "दादा अंगठा म्हणजे पटलं असं धरू का?" लोक सांगतात.

रागाच्या भरात लिहून गेलो. आता काय?

पंधरा मिनिटांच्या आत असाल तर व्हॉट्सॲपवर मेसेज एडिट करता येतो. साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट पण करता येतो, पण त्या जागी "मेसेज डिलीट केला" असं राहतं आणि मग वाचलेले न वाचलेल्यांना सांगत बसतात, स्क्रीनशॉट फिरतात, त्यात तिखटमीठ लागतं. त्यामुळं नुसतं पुसून गप्प बसू नका, खाली एक ओळ लिहा.

ओळ कशी? "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर क्षमस्व" ही माफी नाही, ती पुढाऱ्यांची पद्धत आहे, त्यात "असतील तर" म्हणजे दुखावून घेणाऱ्याचीच चूक. "दादा, मी तुम्हाला काल फुकटे म्हणालो, ते चुकलं माझं, मुद्दा माझा अजून तोच आहे पण तो शब्द मागं घेतो." एवढंच पुरतं. मुद्दा मागं घ्यायची गरज नाही, शब्द मागं घ्यायचा.

जिथं बोललात तिथंच माफी मागा. हजार जणांसमोर बोलून पर्सनलवर सॉरी म्हटलं तर त्या माणसाला बरं वाटेल पण त्याची बायको, त्याचा मेव्हणा, शेजारी ज्यांनी वाचलंय त्यांच्यापुढं त्याची मान खालीच राहते. छोट्या गावात हे फार लागतं, सगळे सगळ्यांना ओळखतात.

मग पर्सनलवर कधी बोलायचं?

भांडण तीन मेसेजच्या पुढं गेलं आणि दोघंच बोलताय असं दिसलं की फोन लावा. मेसेज नाही, फोन. मी हे स्वतः करून बघितलंय, ज्याच्याशी आठ दिवस लिहून भांडत होते त्याच्याशी अकरा मिनिटं बोलले तर कळलं की त्याची आई डायलिसिसवर आहे आणि दवाखान्यातनंच तो मेसेज टाकत होता. त्याचं मत बदललं नाही, माझं पण नाही. पण त्यानंतर त्यानं मला "अतिशहाणी" म्हटलेलं नाही.

पर्सनलवर बोललेलं ग्रुपवर आणू नका. "मला त्यांनी फोनवर वेगळंच सांगितलं" असं एकदा जरी केलं तरी परत कुणी तुमचा फोन उचलणार नाही.

ग्रुपवर बायका का बोलत नाहीत? त्यांचं मत काय ते कळतच नाही.

मी विचारलं. सगळ्यात जास्त आलेलं उत्तर, मेसेज टाकला की नंबर सगळ्यांना दिसतो. हजार अनोळखी माणसांना. दोघींना रात्री "हाय" आणि गुलाबाची फुलं आली होती, पाण्याचं रीडिंग टाकल्यावर. म्हणजे नंबर लपवता येण्याचा मुद्दा ज्याला काही जण "पोरांचं खूळ" म्हणत होते, तो निम्म्या गावाच्या बोलण्याचा मुद्दा आहे. तोवर ज्यांना ग्रुपवर लिहायचं नाही त्यांनी माझ्याकडं पाठवा, मी नाव नंबर न देता टाकते. आणि ज्यांनी फुलं पाठवली त्यांना काढलंय, त्यावर चर्चा नाही.

ॲडमिननी वाद बंदच का करत नाहीत? उद्या काही झालं तर ॲडमिनवर केस होईल.

ही भीती बऱ्याच ठिकाणी फिरते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की एखाद्या सदस्यानं काही आक्षेपार्ह टाकलं आणि ॲडमिन त्याच्याशी मिळून त्यात सामील नसेल, तर नुसता ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. त्यामुळं भीतीपोटी सगळ्यांची तोंडं बंद करायची गरज नाही. "फक्त ॲडमिन" हे बटण आम्ही एकदाच दाबलं, दोन तासांसाठी, आणि आधी सांगून दाबलं की अमुक वाजता परत उघडणार. न सांगता दाबलं की लोकांना वाटतं आपल्याला गप्प केलं.

ॲडमिनचं पण मत असतं, माझं पण आहे. ते लिहिताना मी "हे ॲडमिन म्हणून नाही" असं वर लिहिते. कुणाला काढायचं झालं तर ज्याच्याशी माझं भांडण चाललंय त्याला मी काढत नाही, दुसऱ्या ॲडमिनला बघायला सांगते.

सरळ पोल घ्या आणि विषय संपवा की.

घेणार आहोत, पण शेवटी. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कुणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, सासरा एकीकडं आणि सून दुसरीकडं असं आपल्याकडं सहजासहजी होत नाही. आणि पोल बघणारी माणसं वेगळी, रीडिंग पाठवणारी वेगळी. त्यामुळं जे चाळीसेक जण नियमित रीडिंग पाठवतात त्यांना एकेकाला फोन करून विचारायचं काम सहा जणांनी वाटून घेतलंय. वेळ लागतोय, लागू दे.

पाऊस लागला आणि वाद चालूच असेल तर?

आयर्विनला इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. आपण असं ठरवूया म्हणतेय की ३५ झालं की हा विषय बंद, कुणाचं वाक्य अर्धं राहिलं असलं तरी. तेव्हा फक्त जागा, वेळ, पाणी, चढतंय का उतरतंय. पाणी उतरल्यावर परत काढू. मागच्या वेळी कोयनेच्या पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) सोडल्याचा मेसेज वादाच्या साठ मेसेजमध्ये दडला, खूप पाणी नव्हतं म्हणून निभावलं.

मला कंटाळा आलाय, ग्रुप सोडायचाय.

सोडा, कुणी धरून ठेवणार नाही. २०२२ पासून गाजावाजा न होता निघता येतं, नोटिफिकेशन फक्त ॲडमिनला येतं. फक्त तुम्ही रीडिंग पाठवत असाल तर मला एक मेसेज करा म्हणजे तुमच्या जागेवर दुसरं कुणी बघता येईल. आणि जो गेला त्याच्यामागं "बरं झालं, घाण गेली" असं लिहू नका, त्याचा भाऊ अजून ग्रुपात असतो.

निर्णय माझ्या मनाविरुद्ध झाला तर?

जे ठरेल ते पहिला अख्खा पावसाळा दोन्हीकडं चालवायचं, जुनं बंद करायचं नाही, हे आम्ही आधीच कबूल केलंय. ज्यांचं मत हरेल त्यांनी पहिल्याच अडचणीला "बघा म्हटलं होतं" लिहू नका आणि ज्यांचं जिंकेल त्यांनी पेढे वाटल्यासारखे फटाके टाकू नका. नवीन ठिकाणी ज्यांना जमत नाही त्यांच्याकडं जाऊन शिकवायला बावीस जणांनी नावं दिलीत, त्यातले नऊ जण हलायच्या विरोधात होते आणि आहेत.

ते ओढ्याकडचे काका परत आले का?

ग्रुपवर नाही. ज्यानं ते लिहिलं होतं तो मागच्या रविवारी त्यांच्याकडं जाऊन आला, मी बरोबर होते. काका काही बोलले नाहीत, चहा दिला, खांब दाखवला, चौथी रेघ नवीन मारलीय ती दाखवली. त्या पोरानं चारी रेघांचे फोटो काढले आणि टेप लावून जमिनीपासून फूट मोजून घेतले. आता काका पहाटे त्याला मिस्ड कॉल देतात, एक कॉल म्हणजे पहिली रेघ, दोन म्हणजे दुसरी, आणि तो ग्रुपवर टाकतो. आज पहाटे पाच वाजून चार मिनिटांनी एक आला होता.